माडीवरची पावलं

“चाला!” खालच्या दिवाणखान्यातून जयवंतराव तळपदे ओरडले. “या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. रोज चालता तशाच चाला.”

माडीवर नीला आणि तिची आई कमळाबाई एकमेकींकडे बघत राहिल्या. अंधेरीतल्या या बंगल्याची माडी भाड्यानं द्यायची होती, आणि माडीची जमीन होती ब्रह्मदेशी सागाच्या फळ्यांची. घरमालकांना तिचा भारी अभिमान. पण वर पाऊल पडलं की खाली छत वाजे आणि जयवंतरावांची दुपारची झोप मोडे. म्हणून त्यांनी ही परीक्षा काढली होती. भाडेकरूनं वर चालायचं, मालकानं खाली आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचं. तीन-चार बिऱ्हाडं आधीच नापास होऊन परत गेली होती.

चालून दाखवणं नीलाला काही नवं नव्हतं. लहानपणीच्या तापानं तिचा डावा पाय आखूड राहिला होता. लग्नाच्या वयात मुलाकडची माणसं आली की ‘जरा चालून दाखव, बाळ’ ठरलेलं. आईनं तिला युक्ती शिकवली होती. डावी टाच टेकवायचीच नाही, चवड्यावर तोल सांभाळायचा, पावलं लहान टाकायची. फरशीवर चार पावलं निभून जात. ‘घरी जाऊन विचार करू, कळवू’ म्हणून माणसं उठत. मग कुणीतरी चौकशी करी, खरं काय ते बाहेर पडे आणि विषय संपे. रात्री पोटरीत गोळे येत. आई तेल चोळून देई.

आता पस्तिशीला तो विषय कायमचा संपला होता. नीला अंधेरीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. गिरगावात भावाच्या दोन खोल्यांत माणसं वाढत चालली होती, आणि वहिनीनं नणंदेची वळकटी मागच्या महिन्यात गॅलरीत हलवली होती. मुंबईत एक वेळ नवरा मिळेल, जागा मिळणार नाही, असे दिवस होते ते. नीलाला आधी तो मिळाला नव्हता, आता ही मिळत नव्हती. एकट्या बाईला तर मालक दारातूनच वाटेला लावत. जयवंतरावांनी निदान जिना चढू दिला. एकटी बाई म्हणजे वाजलीच तर दोनच पावलं वाजणार, असा त्यांचा हिशेब होता.

“नीले,” कमळाबाई कानाशी कुजबुजल्या, “चवड्यावर चाल गं. क्षणाचा तर प्रश्न आहे.”

नीलानं सवयीनं डावी टाच उचलली. पोटरी आवळली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. फळ्यांनी हूं की चूं केलं नाही.

“झकास!” खालून आवाज आला. “असंच चालायचं हं! कायम!”

कायम. नीला जागच्या जागी थांबली. चुलीपासून मोरीपर्यंत. शाळेतून दमून आल्यावर. अंगात ताप असताना. कुणी बघत नसताना, स्वतःच्याच घरात. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की डोळ्यांत पाणी आलं.

“आई, नुसतं दाखवून जायचं असतं तर चालले असते,” ती म्हणाली. “इथं मला राहायचंय.”

तिनं डावी टाच खाली टेकवली. पुरती. आणि चालू लागली. उजवं पाऊल हलकं पडे, डावं धप्पकन. सगळी माडी दणाणली. नीलानं स्वतःची चाल इतकी मोठ्यानं कधी ऐकली नव्हती. भिंत आली तरी ती थांबली नाही, वळली आणि परत निघाली. सुरुवात रागानं झाली होती, पण तिसऱ्या फेरीला तिला चक्क मजा येऊ लागली.

जयवंतराव धापा टाकत वर आले. “अहो बाई, हे काय? मघाशी तर छान चालत होता!”

“मघाशी खोटं चालत होते. माझा पाय आखूड आहे. मी अशी चालते, आणि या घरात अशीच चालणार.”

जयवंतरावांनी डोकं खाजवलं. त्या टंचाईच्या काळात जागा फार दिवस रिकामी राहिली की सरकार कायद्यानं ती ताब्यात घेई आणि मनाला येईल त्याला आणून बसवी. पाच-सहा पोरांचा कुणी कारकून आला, म्हणजे दुपारच्या झोपेची वाटच लागली.

“बरं, दुपारचे दोन तास तेवढं चवड्यावर...”

“नाही.”

नीला ठामपणे बोलली खरी, पण दुसरी जागा नजरेत नव्हती. आता आई म्हणणार, ऐक गं त्यांचं. आजवर कमळाबाई मुलाकडच्यांसमोर मान वर करून कधी बोलल्या नव्हत्या.

कमळाबाईंनी पदर सावरला. सावकाश खोलीभर नजर फिरवली. खिडकीचे गज हलवून पाहिले, मोरीत डोकावल्या, टाचेनं एक फळी ठोकून पाहिली.

“मोरी लहान आहे,” त्या म्हणाल्या. “आणि फळ्या फार वाजतात. चल, नीला.”

दोघी जिना उतरल्या. नीला पुरती टाच टेकवत. जयवंतराव मागोमाग फाटकापर्यंत आले.

“अहो, मी नाही कुठं म्हणतोय? चाला हवं तसं, नाचा पाहिजे तर! जागा पसंत आहे की नाही, एवढं तरी सांगून जा!”

“घरी जाऊन विचार करू,” कमळाबाई मागं न बघता म्हणाल्या, “आणि कळवू.”