इरिमियाचं मत

"हो की नाही?" गावचा कारकून हारालाम्बिए मान वर न करताच विचारत होता. शेजारी पोलीस बसलेला. १९३८चा फेब्रुवारी. राजाने नवी घटना आणली होती, आणि ती मान्य आहे का, हे प्रत्येकाने शाळेत येऊन तोंडाने सांगायचं होतं. मोठ्याने.

सेवास्तियान रेल्वेचा फाटकवाला. सरकारी नोकरी, पदरात तीन पोरी. 'नाही' म्हणणं परवडणारं नव्हतं. पण त्याचा बाप इरिमिया मरताना बजावून गेला होता, "पडद्याआड मत देणारी माणसं आपण. पोलिसाच्या मिशांकडे बघत 'हो' म्हणालास, तर माझ्या चाळिसाव्याचे गहू खाऊ नकोस." चाळिसावा नेमका आज होता. घरी बायकोने मेलेल्याच्या नावाने खायचे गहू साखर घालून शिजवले होते.

"हो," सेवास्तियान म्हणाला. शरमेने त्याचे कान तापले.

"आता बापाचं सांग."

"बाप गेला की हो!"

"अरे बाबा, यादीत आहे ना? यादी पुरती भरायचा वरून हुकूम आहे. सकाळपासून अकरा मेलेले 'हो' म्हणून गेले. तूही म्हण आणि सूट."

सेवास्तियानला घरी शिजलेले गहू आठवले.

"त्याचं नाही."

"डोकं फिरलं काय तुझं? मेलेला माणूस 'नाही' म्हणतो होय?"

"'हो' म्हणतो, तर 'नाही' का नाही म्हणणार?"

रांगेत कोणीतरी खोकलं. कारकुनाने पोलिसाकडे पाहिलं. इरिमिया मेलाय म्हणावं, तर त्या अकरा जणांचं काय करायचं? पोलिसाने निमूटपणे दुसरी वही उघडली. 'नाही'ची. कोरी करकरीत.

"माझं हो," मागचा लोहार नास्तासे घाईघाईने म्हणाला. "थोरल्या भावाचं मात्र नाही. फार हट्टी होता बिचारा."

अंधार पडेपर्यंत 'नाही'च्या वहीत एकोणीस नावं चढली. घरी सेवास्तियानने गहू दोनदा मागून घेतले.

चार दिवसांनी जिल्ह्याहून दोन पोलीस आले. त्या एकोणीस नतद्रष्टांना घरी गाठून दम द्यायचा होता. फाटकावर थांबून त्यांनी पत्ते विचारले.

सेवास्तियानने यादी शेवटपर्यंत नीट वाचली.

"सगळे एकाच ठिकाणी राहतात, साहेब," तो म्हणाला. "टेकडीवर, चर्चच्या मागे."