शहाजिरे लावलेले रोल

"पीळ की नीट! कोबी आहे तो, झुरळ नाही," धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळे मिटून मूठ आवळली. आंबवलेल्या कोबीचं कोमट पाणी बोटांमधून मनगटावर आलं. ओल्या मोज्यांना येतो तसला वास. आजारपणानंतर तिला साधा साबणाचा वाससुद्धा सोसत नसे, त्यात हे. शेजारी खारवलेल्या मांसाच्या गुलाबी, ओशट कापांचा ढीग, आणि त्यावर एक माशी निवांत हातपाय चोळत बसलेली.

"शी!"

"शी म्हणू नकोस. तुझी लेक यावर जीव टाकते."

तेच तर दुखणं होतं. थोरली दवाखान्यात पडली तेव्हा चिमणी कडेवर होती. बरी होऊन आली, तर पोर मावशीला 'माऊ' म्हणून बिलगलेली आणि आईकडे पाहुणी आल्यासारखी बघतेय. तिला घरी न्यायला दोनदा टॅक्सी आणली, दोनदा रिकामी गेली. गेल्या खेपेला तर दाराची चौकट धरून चिमणीने टाहो फोडला होता, "तिकडे मला रोल कोण देणार?"

धाकटी कोपऱ्यावरच्या सँडविचच्या दुकानात कामाला होती. तिथलं सगळ्यात खपाचं सँडविच म्हणजे हेच मांस, हाच आंबट कोबी, चीज आणि मोहरीची चटणी. ते चिमणीच्या इवल्या तोंडात मावेना, म्हणून धाकटीने तेच सारण बाजारात मिळणाऱ्या मैद्याच्या तयार पेस्ट्री-पट्टीत गुंडाळून भाजलं. काम सोपं. कुणालाही जमेल असं. म्हणून थोरली आज नाक मुठीत धरून शिकायला उभी होती. टॅक्सी जेवणवेळेला यायची होती.

धाकटीने ओट्यावर दोन सारखे वाडगे ठेवले. "खिडकीकडचा तुझा, शेगडीकडचा माझा. आपापलं सारण करू. आणि तुझ्या रोलवर शहाजिरे टाक हं आठवणीने. कोणता कुणाचा ते चिमणीला कळायला हवं."

"परीक्षा घेतेयस माझी?"

"तिच्या तोंडाला माझ्या हातची चव लागलीय, ताई. ती अशी सहजासहजी सुटायची नाही."

थोरलीने आणखी एक मूठ कोबी पिळला. उपकार होते, बोलायची सोय नव्हती.

तेवढ्यात चिमणी नाक ओढत आली. धाकटीने पदराच्या टोकाने तिचं नाक पुसलं आणि त्याच पदराने सुरी पुसली. मोहरीच्या चटणीचा चमचा चाटला आणि पुन्हा बरणीत खुपसला. थोरलीने तोंड फिरवलं. याच हातांनी हिने माझ्या पोरीला भरवलं.

"मी जरा बाहेर जाऊन येते."

"जा, जा. दोन्ही वाडगे मी कालवून ठेवते. रंग उडालाय बघ तुझा."

बाहेर उभी राहून तिने तोंडाने श्वास घेतला. परत आली ती स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. धाकटी पाठमोरी होती. डाव्या हातात मिठाची बरणी. उजवा हात बरणीत जात होता, मूठ भरून बाहेर येत होता. एक मूठ. दुसरी. मग खसाखसा कालवणं. पुढ्यातला वाडगा कोणता ते तिच्या पाठीमुळे दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

थोरली पाय न वाजवता मागे सरली. मांस पाहून, कोबी पिळून जेवढी किळस आली नव्हती तेवढी आता आली. सख्खी बहीण!

"चिमणे, चल वेणी घालू," म्हणत धाकटी आतल्या खोलीत गेली.

दोन्ही वाडग्यांवर ताटल्या झाकल्या होत्या. थोरलीने खिडकीकडची ताटली उचलली. चाखून बघावं म्हणून चमचा बुडवलाही. तो आंबूस, तेलकट भपकारा नाकात शिरला, घशाशी उमासा आला, आणि तिने चमचा टाकून दिला. चाखायचं कशाला? तिने खिडकीकडचा वाडगा शेगडीकडे सरकवला आणि शेगडीकडचा खिडकीकडे.

धाकटी परतली. दोघींनी पेस्ट्रीच्या पट्ट्या पसरल्या, सारण भरलं, गुंडाळ्या केल्या, वर फेटलेलं अंडं लावलं. थोरलीने आपल्या रोलवर शहाजिरे पेरले. चिमूटभर जास्तच.

"आता चव बघू नकोस," धाकटी म्हणाली. "पहिला घास तिचा."

"नाही बघत," थोरली म्हणाली, आणि तिला जवळजवळ हसू आलं.

ओव्हनमधून रोल फुगून, तांबूस होऊन निघाले. दोन बशा टेबलावर आल्या. चिमणी खुर्चीवर गुडघे टेकून बसली. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"आधी माऊचा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज किंचित कापला.

थोरली श्वास रोखून बघत राहिली. चिमणीने मोठा घास घेतला. चावला. गिळला. पुन्हा घेतला.

"मस्त!"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. थोरलीलाही काही उमगेना.

"आता... आता आईचा खा, बाळा," धाकटी म्हणाली.

चिमणीने शहाजिरे लावलेल्या रोलचा तुकडा तोडला आणि दुसऱ्याच क्षणी तो थुंकला. लाळ, चीज, कोबी, सगळं टेबलावर. "छी! घाण! आईचं घाण!" जीभ हाताने पुसत ती धाकटीच्या मांडीवर चढली आणि तिच्या मानेत तोंड खुपसून बसली. "मी नाही जाणार."

हॉर्न पुन्हा वाजला.

"झालं समाधान?" थोरली ओरडली. "मूठ मूठ मीठ घालताना पाहिलंय मी तुला!"

धाकटीने आपल्या बशीतला रोल चाखला. मग चिमणीने थुंकलेला तुकडा उचलून जिभेला लावला. आधी मोरीतल्या दोन वाडग्यांकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"ताई," ती म्हणाली, "ते मीठ मी माझ्या वाडग्यात घातलं होतं."