निकाल लागेपर्यंत

सरावानंतर बाकावर बसलेल्या हणमंत गुरवचे दोन्ही गुडघे अचानक ताठ झाले. कबड्डी लीगने सगळ्याच खेळाडूंना असे यांत्रिक गुडघे बसवले होते.

व्यवस्थापक सोनटक्के आत आले. “हॉटेलातल्या मारामारीत तुझ्यावर गुन्हा दाखल झालाय. निकाल लागेपर्यंत गुडघे बंद राहतील.”

“मी कुणाला हातही लावला नाही, साहेब.”

“ही शिक्षा नाही रे, फक्त निलंबन आहे. खटला तीन वर्षांनी उभा राहील.”

हणमंतने घाबरून शेजारी बसलेल्या, संघातल्याच शिवदासचा हात धरला. “तू होतास ना तिथे? सांग त्यांना.”

शिवदासने सगळं पाहिलं होतं. पण तिथे होतो म्हटलं, की आपलंही नाव गुन्ह्यात येणार, हे त्याला कळत होतं. त्याने हात सोडवून घेतला.

“मी आधीच निघालो होतो, साहेब,” तो म्हणाला आणि पटकन उठून उभा राहिला.