जमिनीखालचं कलम

डेन्मार्कने देऊ केलेल्या स्वराज्याच्या मसुद्यातलं सोळावं कलम निघालं तसा पाविआ सावरून बसला. ग्रीनलंडहून कोपनहेगनपर्यंत तो या एका कलमासाठी आला होता. शाळा, चर्च, मासेमारी यांचं बघायला त्याच्यासोबत गावाकडची चार शिकलेली माणसं होती.

डॅनिश अध्यक्षांनी कलम वाचलं. पाविआचा भाचा एनोक दुभाषा म्हणून शेजारीच होता. त्याने हळूच आपल्या भाषेत सांगितलं, "जमिनीवरचं आपण बघायचं. जमिनीखालचं दोघांनी मिळून ठरवायचं."

दोघांनी मिळून म्हणजे शेवटी कोणी ठरवायचं, हे पाविआला शिकवायची गरज नव्हती. खाण परवडत नाही म्हणून डॅनिश सरकारने त्याचं अख्खं गाव बोटीत घालून हलवलं होतं. त्याने अध्यक्षांकडे बघत नाक आक्रसलं. त्याच्या मुलखात नकार असाच देतात. त्यासाठी तोंड उघडणं म्हणजे समोरच्याला आंधळा समजणं.

अध्यक्ष क्षणभर थांबले, कागदावर खूण केली आणि सतरावं वाचायला लागले. कलम खोडलं, असं समजून पाविआ मागे टेकला. लोक उगाच या माणसांना नावं ठेवतात, असंही त्याला वाटून गेलं.

कॉफीच्या सुट्टीत तो भाच्याला म्हणाला, "बघ, किती पटकन खोडलं."

"खोडलं नाही, मामा. मंजूर झालं. कोणी काही बोललं नाही, असं लिहिलंय त्यांनी."

"मी नाही म्हटलं. तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग तुझी काय दातखीळ बसली होती?"

एनोक कपात बघत राहिला. "ते अडवलं असतं तर बाकीचंही गेलं असतं. मिळतंय तेवढं पदरात पाडून घेऊ. उरलेलं पुढची पिढी बघेल."

"गाव उठवलं तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नव्हतं," पाविआ म्हणाला. "या वेळी विचारलं रे."

बैठक पुन्हा बसली तसा तो उठून उभा राहिला. "जमिनीखालचंही आमचंच आहे," तो आपल्या भाषेत खणखणीत म्हणाला. "सोळावं कलम मला मान्य नाही."

बरोबरचे चौघे टेबलाकडे बघत राहिले. अध्यक्षांनी एनोककडे पाहिलं. एनोक डॅनिशमध्ये एक छोटंसं वाक्य बोलला. अध्यक्षांचा चेहरा खुलला. टेबलाला वळसा घालून ते आले आणि त्यांनी पाविआचा हात दोन्ही हातांत घेतला.

पाविआला डॅनिश येत नव्हती. भाच्याच्या वाक्यातला एकच शब्द त्याला कळला होता, 'आभार'. लहानपणी शाळेत डॅनिश मास्तर तो शब्द सगळ्यांत आधी घोकून घेत.