दार कोपऱ्यात

"आबा, हात लावू नका! शेवटचीच पाटी हाय. ही बिघडली तर उद्या कॉलेजात दाखवायला काहीच न्हाई."

ज्ञानबाने हात मागे घेतला. नजर मात्र नातीच्या हातातल्या तांब्याच्या पाटीवरच राहिली. बिनतारी फोनच्या पोटात मावेल असा चपटा अँटेना करायचा, हा दीपमालाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. वीतभर पाटीवर अँटेना झकास चालायचा. फोनच्या पोटात जागा होती चार बोटं, आणि तेवढी पाटी कापली की पडद्यावरच्या रेंजच्या सगळ्या काड्या गायब व्हायच्या.

म्हाताऱ्याने उभ्या जन्मात मेंढरं राखली, पण चौकशा मात्र कलेक्टरसारख्या.

"ल्हान केल्यावर काहून चालंना?"

"विजेला पळायला वीतभर वाट लागते, आबा. त्याबिगर तिला हवेतलं बोलणं धरता येत न्हाई."

"मंग वाट लांबव की. वावरात मेंढरं बसवताना आमी जाळ्या आडव्या लावतो. एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं. मेंढरं वळसे घेत जातेत, खत समद्या वावरात पडतं. जागा तेवढीच, चालणं दुप्पट."

दीपमालाने पाटी चार बोटांएवढी कापली. मग ब्लेडने तिने तांब्यात आडव्या फटी पाडल्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. मधोमध तार डाग देऊन जोडली आणि तिचं दुसरं टोक फोनला लावलं.

एकही काडी नाही. तिला रडूच फुटलं. पाटी तर कापून बसली होती.

"दार कुठं ठिवलंस?" ज्ञानबाने विचारलं.

"कसलं दार?"

"वीज आत कुठून शिरते?"

तिने मधली तार दाखवली.

"हात्तिच्या! मधी दार ठिवलं तर निम्मी मेंढरं इकडं पळतेत, निम्मी तिकडं. दार कोपऱ्यात पायजे."

लोडशेडिंगला पाच मिनिटं उरली होती, मग डाग द्यायला वीजच नसती. डोळे पुसून तिने तार उचकटली, कोपऱ्यात डागली. फोनच्या पडद्यावर एक काडी उमटली. मग दुसरी. तिसरी. चौथी.

"आबा!" ती ओरडली आणि त्याच्या गळ्यातच पडली.

ज्ञानबाने तिच्या खांद्यावरून बोटाने काड्या मोजल्या. मग पाचव्या काडीची रिकामी जागा त्याला दिसली.

"चार आले," तो म्हणाला. "एक मागं काहून राह्यलं?"

आणि पाटी उन्हाला धरून तो एकेक फट तपासू लागला.