ओली आखणी

पेणच्या गणपती कारखान्यात पुंडलिक सकाळपासून मूर्तींचे डोळे आखत होता. पाठ भरून आली होती. यंदा हात कापत असल्यामुळे प्रत्येक मूर्तीच्या डाव्या डोळ्याची रेघ जराशी वर जात होती. पुसून सुधारायचाही कंटाळा आला होता.

संध्याकाळी अमेरिकेतल्या भाच्याने, निकेशने, फोटो पाठवला. तो राहतो ते नदीकाठचं छोटं गाव फार पूर्वी स्वीडनहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. फोटोत त्या पहिल्या लोकांचे लाकडी पुतळे होते. सगळ्यांच्या डाव्या डोळ्याची रेघ जराशी वर गेलेली.

पुंडलिकने फोन लावला. "ही आखणी माझी हाय रे."

"मामा, कालपर्यंत यांना डोळेच नव्हते. रंग अजून बोटाला लागतोय."

पुंडलिकने ब्रश ठेवून मागे बघितलं. सकाळपासून आखलेल्या एकाही गणपतीला डोळे नव्हते.