कापणीच्या चित्रातला झोपाळू

सुगीच्या दिवसांत आमच्या मालकांनी कापणीचं चित्र काढायला अँटवर्पहून चित्रकार बोलावला. त्यानं माझ्या नवऱ्याला, योरिसला, नाशपातीच्या झाडाखाली आडवं केलं. "तोंड उघडं ठेव, झोपल्यासारखा दिस, पण हलू नकोस." बिचारा अंगावर माशा बसू देत दिवसभर तसाच पडून राहिला. संध्याकाळी म्हणाला, "अगं, याहून विळा चालवलेला बरा!"

बर्फ पडू लागलं आणि मालकांच्या कोठारात मळणी सुरू झाली. थंडीत आमच्या पोटाला तेवढंच काम. मी पहाटे मारियामातेपुढे मेणबत्ती लावली, उपास धरला आणि योरिसबरोबर फाटकापर्यंत गेले.

कारभाऱ्यानं त्याला पाहताच टोपी काढून वाकून दाखवलं. "या, झोपाळू महाराज! जेवणघरातल्या चित्रात रोज दर्शन होतं तुमचं. सगळे राबतायत आणि तुम्ही घोरताय. पाहुणेसुद्धा हसतात."

"अहो, मला झोपायला सांगितलं होतं!"

"मग मीही तेच सांगतो. घरी जाऊन झोप. मळणीला जागी माणसं लागतात."

फाटक लागलं. योरिस टोपी हातात चुरगाळत बर्फातच उभा राहिला. मी डोळे मिटले. माते, कसलंही चालेल, पण याला काम दे गं.

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "वा, योरिस! अस्साच उभा राहा. हिवाळ्याचं चित्र राहिलंय अजून. चेहरासुद्धा हाच ठेव, आणि हलू नकोस."